यवतेश्वरच्या डोंगरावर जाळरेषा काढली त्याबद्दल

काल साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या बाजूला जाळरेषा (वणवा अडवायला आधीच जाळून ठेवलेला पट्टा) काढायला गेलेलो, आम्ही गावातली पोरं, वनखात्याचे गार्डसाहेब आणि त्यांच्याबरोबरचे वनमजूर मामा. अमेरिकेत गावोगावचे व्हॉलंटियर फायरमन पाडायला काढलेलं घर मुद्दाम पेटवून सराव करतात, पाण्याचे पाइप आधी भरून, बाहेर पडायची वाट आधी ठरवून. आपल्याकडं डोंगर आहे, तिथं फायर ब्रिगेडची गाडी चढतच नाही, म्हणजे वणवा लागला की विझवायला जाणार आपणच, मग आग पहिल्यांदा जवळून बघायची ती थेट वणव्यातच का? जाळरेषा काढताना आपला तसाच सराव होतो.

जाळरेषा म्हणजे गवत वाळलं की दोन बाजूंनी पट्टे कापून घ्यायचे आणि मधलं गवत आपणच जाळायचं, म्हणजे पुढं वणवा आला तर तिथं त्याला जळायला काही उरत नाही. पण पेटवायची वरनं, खाली सरकत येईल अशी आणि वाऱ्याच्या विरुद्ध. चढाला आग पळत सुटते कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते. मामांनी चिमूटभर गवत हवेत सोडून वारं बघितलं, थोडं थांबले, परत बघितलं, मगच काडी ओढली.

हिरव्या डहाळीनं आम्ही आधी नुसतं धोपटत सुटलो तर मामा ओरडले, "अरं पोरांनो, उचलून हाणू नका, ठिणग्या पलीकडं जात्यात, दाबून धरा!" खरंच, दाबून ओढलं की पुढचा जाळ लगेच बसतो. आणि गडबड झालीच तर वर पळायचं नाही, जळून काळं झालेलं असतं तिकडं जायचं, कारण तिथं परत पेटायला काही नसतं. हे घरात बसून वाचलं असतं तर मला पटलं नसतं, सगळं अंग उलटं पळायला सांगत असतं.

सगळ्यात जास्त वेळ विझल्यावर गेला. वाळलेली शेणं आतल्या आत तासन् तास धुमसतात, वरनं राख दिसते आणि दुपारी वारं सुटलं की तिथनंच परत पेट घेतं, म्हणून एकेक पायानं उलटून पंपानं पाणी मारलं.

वणवा लावला की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं असं अजून बरेच जण म्हणतात, मला त्याचा मनस्वी राग येतो. बी जळतं, लावलेली रोपं जातात, माती उघडी पडून पहिल्या पावसात वाहून जाते. आणि हो, जाळरेषा वनखात्याबरोबरच काढायची, राखीव जंगलात आपल्या मनानं आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे.

वणवा दिसला तर १९२६ ला फोन करा, वनखात्याची हेल्पलाइन आहे. आणि पलीकडच्या उताराचा पट्टा अजून राहिलाय, कुणाला यायचं असेल तर कळवा, फक्त कपडे सुती घाला, टेरिकॉट नायलॉन वितळून अंगाला चिकटतं, आणि पायात बूट पाहिजेतच.