बाबांची एचएमटी जनता आणि "लास्ट प्राइस?"

आज शेवटी बाबांचं एचएमटी जनता घड्याळ ऑनलाइन विकायला टाकलं. चावीचं, 17 ज्वेल (म्हणजे मशीनमधले बारीक खडे), डायल जरा पिवळी पडलीये, पाचच्या खुणेपाशी बारीक डाग, बाकी एकदा चावी दिली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकटिक चालूच. पण किंमत काय लावायची? एकदम चकाचक जनता हजार-बाराशेला पण दिसतात, त्यातल्या बऱ्याच रंगवलेल्या, डायल परत छापलेली, काटे भलत्याच घड्याळाचे, शौकीन लोक त्याला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपलं ओरिजिनल, म्हणून घड्याळजींकडे जाऊन मागचं झाकण उघडून मशीनचा पण फोटो काढला (50 रुपये गेले ते वेगळेच) आणि 3500 लावले.

तासाभरात पहिला मेसेज, "लास्ट प्राइस?" दुसरा म्हणतो डाग काढून द्या मग घेतो. अरे बाबा, तो डागच तर पुरावा आहे! तिसऱ्याने मात्र बरोबर विचारलं, चोवीस तासात किती सेकंद मागेपुढे होतं, म्हटलं उद्या मोजून सांगते.

पण मोजणार कसं, आई ते मनगटावर चढवून भाजी निवडत बसलीये.