चितेंजेत गुंडाळलेला जीव

आज सकाळी वॉर्डात शिरले तर एकोणीस वर्षांची आई उघड्या छातीवर १४०० ग्रॅमचं बाळ घेऊन बसलेली, वरून चितेंजे, म्हणजे इथल्या बायका अंगाला गुंडाळतात ते रंगीत कापड, घट्ट बांधलेलं. बाळाचं फक्त टोपडं दिसत होतं. रात्रभर वीज नव्हती, हीटर बंद, तरी मी हात लावून पाहिला तर इवलेसे तळवे छान उबदार!

कमी दिवसांचं बाळ म्हटलं की आपल्याला काचेची पेटीच आठवते. इथे आफ्रिकेतल्या मलावीत, झोम्बाच्या सरकारी रुग्णालयात, बाळाला उघड्या छातीशी ऊब देण्याची ही कांगारू पद्धत १९९९ साली सुरू झाली. २०२१ मध्ये घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर छातीशी दिलं, तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात.

पण आईला कोण सांभाळणार? घरची पोरं, शेत, पाणी? मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

हिची सासू काल पायी आली. दुपारी तिनं बाळ स्वतःच्या छातीला बांधलं आणि सुनेला म्हणाली, आधी जेव. पोरगी ताटभर न्सिमा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) जेवली आणि दोन तास गाढ झोपली. मी हळूच पडदा ओढून घेतला.