तूप म्हणजे काय दूध?

आमच्या घरात गेलं दीड वर्ष एकच भांडण चालू आहे आणि ते तुपावरून आहे. धाकट्याला दुधाची ॲलर्जी. म्हणजे चहातलं दूध सांडलेल्या ओट्याला हात लावून तोच हात गालाला लावला तरी गालावर लाल चकंदळं उठतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, दूध, दही, लोणी, तूप, पेढा, काही नाही. आणि आमच्या सासूबाई, कुडाळच्या, भाताच्या मऊ मुदीवर गुपचूप तुपाची धार सोडणार आणि पकडल्या गेल्या की म्हणणार, "दूध खंय घातलंय मी? तूप घातलंय. तूप म्हणजे काय दूध?" यावर मी काय बोलणार, त्यांच्या दृष्टीने तूप हा पदार्थच नाही, तो आशीर्वाद आहे.

तर या पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली आणि पुण्याहून नणंद आली. ती दोन वर्षांपासून वेगन आहे. आता बघा हं, एकाच घरात एक दुधाने सुजणारा साडेतीन वर्षांचा मुलगा आणि एक तत्त्वाने दूध सोडलेली बत्तीस वर्षांची मुलगी. सासूबाई पहिल्याच सकाळी म्हणाल्या, "विगन म्हणजे काय ता माका सांग आधी." नणंदेने गाय, वासरू, डेअरी सगळं समजावलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मासे तरी खातंस मां?" मासेही नाही म्हटल्यावर मात्र त्या गप्पच झाल्या. श्रावण होता म्हणून बरं, नाहीतर त्या वाक्यावर आठवडा गेला असता.

पंधरा ऑगस्टला आमच्या सोसायटीत दरवर्षी सकाळी झेंडावंदन आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये सत्यनारायण असतो. बाहेर रत्नागिरीचा पाऊस, आत दोन स्कूटर बाजूला सरकवून चौरंग, केळीचे खांब, सतरंज्या. आणि यावर्षी विशेष म्हणजे आरतीला आमच्या मोठीची पेटी. आठ वर्षांची आहे, वर्षभर क्लासला जाते, पण तिचा डावा हात अजून भात्याला नीट पुरत नाही, त्यामुळे ती थोडी तिरकी बसते, जणू कोणाच्या तरी खांद्यावरून डोकावतेय.

आता पेटी आणि पावसाळा हे कोकणात जमतच नाही. हवेत एवढा ओलावा की पापडसुद्धा डब्यातल्या डब्यात सादळतो, तिथे लाकडाची पेटी काय टिकणार. आमच्या पेटीची एक काळी पट्टी एकदा खाली बसली की वर यायचं नाव घेत नाही, तो सूर वाजतच राहतो. नवऱ्याने आदल्या रात्री ती उघडून, पुसून, बल्बखाली ठेवली आणि पुसता पुसता त्याचं ठरलेलं लेक्चर दिलं, की ही बाई मूळची फ्रान्सची, तिकडे पायाने भाता मारायची, 1875च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिचे पाय काढून तिला हाताच्या भात्यावर आणली म्हणून आपण तिला मांडी घालून वाजवू शकतो, आणि एवढं करून आकाशवाणीने तिला 1940 पासून तीस एक वर्षं दाराबाहेर ठेवलं कारण तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. सासूबाई म्हणाल्या, आमच्या दशावतारात अजून पायपेटीच असते, तिकडे कोणी पाय काढले नाहीत. हा मुद्दा त्याच्याकडे नव्हता.

आरती सुरू झाली. मोठीने काळी एकचा सा धरला, बरोबर धरला. पण ज्यांनी कधी घोळक्यात आरती म्हटलीये त्यांना माहितीये काय होतं. पहिलं कडवं संपेपर्यंत मंडळी अर्धा सूर वर, टाळ्यांचा जोर वाढला की अजून वर, आणि तिसऱ्या आरतीला तर सेक्रेटरी काकांनी अशी काही वरची पट्टी घेतली की पेटी बिचारी मागे स्टँडवरच राहिली आणि गाडी सुटली. मोठीने माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि मग तिने जे केलं त्याचं मला अजून कौतुक वाटतं, तिने डोळे मिटून नुसता सा आणि प दाबून भाता मारत ठेवला. बेसूर तर बेसूर, पण थांबली नाही.

खरी गंमत प्रसादाला. सत्यनारायणाचा शिरा म्हणजे सगळं सव्वाच्या मापात, रवा, साखर, तूप, दूध, केळं, म्हणजे धाकट्यासाठी एका द्रोणात अख्खा दवाखाना. एका काकूंनी प्रेमाने त्याच्या हातावर ठेवलाच होता, मी झडप घालून काढला, तो रडायला लागला, आणि शेजारीपाजारी माझ्याकडे असे बघायला लागले की मी देवालाच नाही म्हटलं. सासूबाईंचा चेहरा उतरला. कारण नुकतीच कथा वाचून झाली होती, कलावती प्रसाद न घेता धावत सुटते आणि तिच्या नवऱ्याची बोट बुडते ती. "प्रसाद नाय म्हणू नये गो, बोट बुडता," त्या माझ्या कानात म्हणाल्या. नणंद शेजारीच होती, तिच्याही हातात द्रोण, तिच्याही बोटीचा प्रश्न. शेवटी गुरुजींनीच सोडवलं, पूजेतलं एक केळं उचललं, दोन तुकडे केले, एक आत्याला, एक भाच्याला. सासूबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. मीपण.

दुसऱ्या दिवशी पावसाने जरा उघडीप दिली म्हणून सगळे थिबा पॅलेसला गेलो. रत्नागिरीत राहून आपण तिथे पाहुणे आल्याशिवाय जात नाही, खरं की नाही? ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, 1885 मध्ये इंग्रजांनी मंडालेहून उचलला, आधी मद्रासला आणि 1886 मध्ये इथे आणून ठेवला. हा तीन मजली वाडा मात्र तयार झाला 1910 मध्ये. मोठीने तिथेच बोटांवर हिशेब केला, चोवीस वर्षं, आणि म्हणाली, "आपल्या लिफ्टसारखं." राजा जेमतेम सहा वर्षं त्या वाड्यात राहिला, 1916 मध्ये गेला, त्याची समाधीही इथेच शहरात आहे, 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिला भेट देऊन गेले. राणी सुपयालत नंतर परत गेली. पण थोरल्या राजकन्येचा जीव इथल्याच गोपाळ सावंतांवर जडला होता, त्यांची मुलगी टूटू, राजाची नात, शेवटपर्यंत रत्नागिरीतच राहिली, साधी, गरिबीत, मराठी बोलत. मला त्या वाड्याच्या अर्धगोल नक्षीच्या खिडक्यांपेक्षा ही नातच जास्त आठवत राहते.

मोठी मात्र वेगळ्याच विचारात. वरच्या मजल्यावरून भाट्याची खाडी बघता बघता विचारते, "आई, राजा बोटीतून आला ना? मग त्याने प्रसाद घेतला नव्हता का?" नवरा खिडकीकडे तोंड करून हसत बसला, उत्तर देण्याचं काम माझ्यावर. मी म्हटलं, त्याची बोट बुडली नाही ग, राज्य बुडलं. तिला ते अजिबात पटलं नाही, "म्हणजे नव्हताच घेतला."

परत येताना गाडीत नणंद म्हणाली, ब्रह्मदेशात नारळाच्या रसात नूडल्स करतात, ती पुण्यात चिकनशिवाय मागवून खाते, खाउस्वे म्हणतात. मागच्या सीटवरून सासूबाई एकदम जाग्या झाल्या. नारळाच्या रसात? शेवया? "अगो, मगे ते शिरवाळेच!" तिखट असतात आई, ती म्हणाली. "आसूंदेत," म्हणे, "त्या राजाक कुडाळाक आणूक होया होतो, पोटभर घातले असते."

आणि घरी आल्या आल्या, कपडेही न बदलता, त्यांनी माळ्यावरून लाकडी साचा उतरवला. तांदळाच्या पिठाची उकड, तिचे मोठे गोळे, ते परत उकळत्या पाण्यात, आणि मग पाण्यातून काढल्या काढल्या गरमच साच्यात घालायचे, गार झाला की गोळा साच्यातून उतरतच नाही. दांडा दाबायला नवरा आणि नणंद दोघं, खाली केळीच्या पानावर पांढऱ्या शेवयांची चुंबळ पडतेय, सासूबाई ओल्या हाताने ती उचलून बाजूला ठेवतायत आणि बोटं पोळली की फुंकर मारतायत. मी दोन नारळ खवून रस काढला, पहिला दाट, दुसरा पातळ, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ. मी मुद्दाम भांड्यावर लक्ष ठेवून उभी होते. उकडीत तूप घालायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात सवयीने बरणीकडे गेला, मग माझ्याकडे बघितलं, आणि खोबरेल तेलाची बाटली मागितली. "खायचा द्या, डोक्याक लावायचा नुको," एवढं मात्र सुनावलं.

धाकट्याने तीन वाट्या खाल्ल्या. नणंदेने किती ते मी मोजलं नाही. रस हनुवटीवरून, कोपरावरून, टीशर्टावरून, आणि कोणाच्या अंगावर एकही चकंदळ नाही.

मोठी तशाच हातांनी पेटीवर जाऊन बसली. आता नवरा कापूस गुंडाळलेली काडी घेऊन त्याच काळ्या पट्टीखालचा गूळ काढतोय, सूर अजून चालूच आहे.