तळपायांची आग आणि ताटातील साखर
मधुमेह असलेल्या आईच्या तळपायांची रात्री आग होते आणि चप्पल पायातून निसटली तरी तिला कळत नाही, हे लक्षात आल्यापासून आमच्या जळगावच्या घरातील स्वयंपाक बदलला आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की नसांना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते, आणि सर्वांत लांब नसा पायांच्या असल्याने त्रास बहुधा पायाच्या बोटांपासूनच सुरू होतो. साखरेऐवजी गूळ चालतो, हा समज मला विशेष घातक वाटतो, कारण गुळानेही रक्तातील साखर वाढतेच.

साखर आटोक्यात ठेवण्यासाठी खान्देशात परके अन्न शोधावे लागत नाही. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी मैद्याच्या पावापेक्षा सावकाश पचते. सोबत वांग्याचे भरीत, तेल मात्र बेताचे. पिकलेले केळे अर्धेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई खापरावरच्या पुरणपोळीचा चतकोर खाते, पण त्या दिवशी आमरस घेत नाही.

मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात, म्हणून डॉक्टरांना विचारून तिची तीही तपासणी आम्ही करून घेतली.