एकट्याचा बास्केटबॉल सराव: सहावा आठवडा

गेल्या आठवड्यापर्यंत माझ्या वहीतला फ्री थ्रोचा (फाऊल झाल्यावर रेषेवरून मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा) आकडा झकास होता. रेषेवर उभं राहून सलग ५० टाकायचो, त्यातले ३८-३९ आत. मग खऱ्या खेळात दोन फ्री थ्रो मिळाले आणि दोन्ही बाहेर. पहिला तर रिंगलाही शिवला नाही. हसा, हसा.

सामन्यात सलग ५० टाकायला कोण देतंय? धापा टाकत रेषेवर यायचं, दोन टाकायचे, संपलं. सलग टाकताना दहाव्या चेंडूपर्यंत हात बसलेला असतो, पुढचे चाळीस फुकटचे. म्हणून आता दोन टाकतो, कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळून परत येतो, पुन्हा दोन. अशा दहा खेपा. सोमवारी २० पैकी ९ गेले, काल १३. आकडा पडला, पण निदान खरा आहे.

हुकलेले बहुतेक आखूड पडतात. दमलो की गुडघे वाकत नाहीत, मग नुसत्या हातांनी ढकलतो आणि चेंडू सपाट जातो. सपाट चेंडूचं गणित मांडून पाहिलं. रिंगचा व्यास ४५ सेंमी, चेंडूचा साधारण २४. चेंडू ४५ अंशांत उतरला तर त्याच्यासमोर रिंगचं तोंड जवळपास ३२ सेंमी उघडं असतं. ३० अंशांत उतरला तर जेमतेम साडेबावीस, म्हणजे चेंडूपेक्षाही कमी! रिंगला न घासता तो आत जाणारच नाही. तेव्हापासून गुडघ्यांवर लक्ष आहे.

काही चेंडू उजवीकडे जात होते, त्याचं कारण मोबाईलनं सापडलं. बॅगेला टेकवून स्लो मोशनमध्ये शूट केलं. चेंडू सुटताना डाव्या हाताचा अंगठा हळूच ढोसतोय, त्यामुळे चेंडूवरच्या काळ्या रेषा उलट्या फिरायच्या सोडून तिरक्या फिरतायत. आता रोज सुरुवातीला रिंगपासून दोन पावलांवर, डावा हात पाठीमागे ठेवून, एका हातानं २५.

पास द्यायला कोणी नसतं, तेव्हा चेंडूला उलटी फिरकी देऊन पुढे टाकतो. टप्पा पडून तो माझ्याकडेच येतो, मी पाय रोवून हातांनी झेलतो आणि शॉट मारतो. ड्रिबलिंगचं विशेष काही नाही, चालू आहे.

डाव्या हाताचा लेअप, म्हणजे रिंगजवळून उडी घेत एका हातानं टाकायचा शॉट, मात्र रडवतोय. मायकन ड्रिल करतो: रिंगखाली उभं राहून एकदा उजव्या हातानं, एकदा डाव्या, चेंडू खाली पडू न देता. उजवीकडे घड्याळासारखं चालतं. डावीकडे उडी उजव्या पायावरून घ्यायची, हे डोक्याला पाठ आहे, पायांना कोणी सांगितलेलं नाही. काल डावीकडचे दहा मोजले. चार आत, त्यातले दोन चुकीच्या पायावरून.