सिस्टर, यातलं खरं कुठलं?

अख्खी नोकरी सोलापुरात बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. त्यामुळे लग्नकार्यात कुणीतरी हमखास गाठतं, "सिस्टर, सगळ्या जातीधर्मांचे विधी पाहिलेत तुम्ही. यातलं खरं कुठलं, थोतांड कुठलं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी बघते ते दिवस. पाचवी, सटवाईची रात्र, सातव्या दिवशी मुसलमान घरांत अकीका, म्हणजे जावळ काढून कुर्बानी, बाराव्याला बारसं. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत अकराव्याला पुरुडु, म्हणजे बाळंतिणीची शुद्धी, मग कित्येकांकडे एकविसाव्याला पाळणा. नाळही साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत गळते. पूर्वी ती घरातल्या विळ्यानं कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं. त्यातून धनुर्वात झालेलं बाळ बहुतेक याच दिवसांत दूध ओढायचं थांबायचं. सटवाई कपाळावर लिहायला येते म्हणून पाटा-वरवंटा पूजून, कोरा कागद ठेवून बायका जागायच्या, ते मला उगीच वाटत नाही. निदान कुणाचं तरी लक्ष बाळाकडे असायचं. आता गरोदरपणातच इंजेक्शनं होतात. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीरही झालं. पूजा चालू आहे. असू दे की.

विजापूर वेशीकडचे एक आजोबा आठवतात. वॉर्डाच्या दाराशी चपला काढल्या, टॉवेलात गुंडाळलेलं नातवंड घेतलं, पश्चिमेकडे तोंड केलं आणि उजव्या कानात अजान, डाव्या कानात इकामत, म्हणजे नमाज उभी राहतानाची हाक, इतक्या हळू म्हटली की बाळाची झोपसुद्धा मोडली नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाळीवेशीतल्या लिंगायत आजींना राहवेना. "काय सांगितलं हो त्याला?"

"अल्लाचं नाव, अम्मा."

"आमचे स्वामी उद्या येणारेत, लिंग बांधायला."

यात मी कशाला पडू?

माझं भांडण मधाच्या बोटाशी. तिथं मात्र सगळे एक! कुणाला सोनं उगाळून मधातून चाटवायचं असतं, कुणाला चावलेला खजूर टाळूला लावायचा असतो, कुणाला चीक पिळून टाकायचा असतो. वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही. त्यातून बोट्युलिझम, म्हणजे बाळाचं अंग लुळं पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. आणि पहिल्या तासात आईचंच दूध. आज्या रुसायच्या, तर मी सांगायचे, "खजूर आईला भरवा. सोनं तिच्याच गळ्यात घाला, आम्ही अडवत नाही."

सोन्याचं कुणी मनावर घेतलेलं मी पाहिलं नाही.