आधी नाणं हातात घेऊन बघ

रविवार, रात्री साडेदहा

दिवसभर पावसाची पिरपिर. रंकाळ्यावरची फेरी चुकली, पण दिवस चांगला गेला.

सकाळी आमच्या नाण्यांच्या ग्रुपवर एका मुलानं फोटो टाकला. अंधुक, एकाच बाजूचा. खाली दोन शब्द : किंमत काय? वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं. हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवाची ही २०१२ ची नाणी, कितीतरी जणांच्या घरी सापडतील. "लाखाला घेतो" म्हणत आधी फी मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलंय. मी एवढं लिहिलं आणि म्हटलं, सालाच्या खाली बघ. हिऱ्याची खूण असेल तर मुंबईची टाकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. त्यावर उत्तर आलं नाही. वाईट वाटलं. भिंग घेऊन पाच मिनिटं बसला असता तर खिशातली सगळी चिल्लर त्याच्याशी बोलायला लागली असती.

संध्याकाळी शिवाजी पेठेतली ती कॉलेजची मुलगी घरी आली. आजीच्या डब्यात तिला सहा शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची जुनी नाणी, मिळाल्यात. महिनाभर तिनं मला काही विचारलं नव्हतं. करवीर नगर वाचन मंदिरात बसून वाचलं, टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन आली, गुजरीत ओळखीच्या सराफाच्या काट्यावर सहाही नाणी तोलून घेतली. वहीत प्रत्येकाचं एक पान. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति", आणि जी अक्षरं नाण्याच्या कडेबाहेर गेलीत तिथं तिनं पेन्सिलीनं टिंबं दिलेली. दिसलं नाही ते दिसलं म्हणून लिहायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग वही माझ्यापुढं सरकवत म्हणाली, "काका, एकावर ओळींच्या मध्ये दोन रेघा आहेत, ती दुदांडी हे कळलं. पण ह्या दोघींवर 'शिव' नाही, 'सिव' आहे बघा की. कारागिराची चूक म्हणायची, का टाकसाळच वेगळी?"

१६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवराई सुरू झाली आणि महाराजांच्या पश्चात पेशवाईतही तोच मजकूर ठेवून पडत राहिली. अक्षरांची वळणं बदलत गेली. एवढं मी सांगितलं. पण तिच्या हातातली ती दोन नाणी कुठली, ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तासभर दोघं दिव्याखाली बसलो. चहा तसाच गार झाला.

"किंमत काय?" विचारणाऱ्यावर मी रागावत नाही. पण त्याला काय द्यावं हेच कळत नाही. त्यानं नाणं पाहिलेलंच नसतं, मग माझं उत्तर ठेवणार कुठं? हिच्या प्रश्नाला मात्र जागा तयार होती.

एक गोष्ट मात्र शोधत बसण्याआधी विचाराच, कितीही साधी वाटली तरी : नाणं धुऊ का? गेल्या दिवाळीत एक गृहस्थ आजोबांची शिवराई घेऊन आले होते. व्हिडिओ बघून चिंच-मीठ लावून घासलेली. तांब्यावर चढलेला तो काळपट चॉकलेटी थर पार गेलेला, नाणं नव्या भांड्यासारखं गुलाबी. "चकचकीत झालं ना?" म्हणाले. तो थर परत येत नाही हे त्यांना सांगताना माझा आवाज फुटेना. त्यांनीही शोधलंच होतं की! म्हणून ग्रुपवर नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशीच सांगतो, वाचा, बघा, तोला, पण पाणीसुद्धा लावू नका.

पुढच्या रविवारी ती दोन्ही "सिव" घेऊन परत येणार आहे. माझ्याकडच्या शिवराया आज रात्रीच बाहेर काढून ठेवतो. त्यांच्यावर "शि" आहे का "सि", हे इतक्या वर्षांत मी एकेक करून कधी पाहिलेलं नाही.